ऐकण्याचा रकाना

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका घराच्या गच्चीवर बैठक भरली होती. वसंतात सातपुड्याच्या जंगलात पक्षी बघायला जायचं, माणसं बारा, जिप्सी दोन, मुक्काम तीन रात्रींचा, एवढं ठरलं होतं. एक कागद हातोहात फिरत होता. नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक, गुडघ्याचं काही दुखणं आहे का, कांदा-लसूण चालतो का. कागद फिरत फिरत एका काकांकडे आला. सत्तरी ओलांडलेले, सिरपूर तलावाच्या पाळीवर रविवारी पहाटे हमखास दिसणारे. त्यांनी सगळे रकाने नीट भरले, पेनाचं टोपण लावलं आणि हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "मला शिंजीर ऐकू येईनासा झालाय. दोन वर्षं झाली. मी आलो तर तुमची अडचण नाही ना व्हायची?" शिंजीर म्हणजे फुलांवर फिरणारा चिमुकला पक्षी. गच्ची क्षणभर गप्प झाली. मग यजमान मावशी म्हणाल्या, "अहो काका, अडचण कसली! तुम्ही आपले गाडीत पुढे बसा." पोह्यांच्या बशा आल्या, त्यावर सेव भुरभुरली गेली आणि बोलणं गाडीभाड्यावर गेलं.

पुढे बसल्यानं शिंजीर ऐकू येत नाही.

मावशींचं उत्तर मायेचं होतं, यात शंका नाही. पण जिप्सीत पुढची जागा ऐकण्यासाठी सगळ्यांत वाईट. तिथे इंजिन पायाशी घरघरत असतं, समोर काच असते, बैठक खाली असते, आणि बहुतेक वेळा ती जागा वनखात्याच्या मार्गदर्शकाचीच असते. मागचा बाक उंच, पण पुढच्या गाडीची धूळ तिथेच येऊन बसते आणि चाकांचा खडखडाटही तिथेच. ऐकायचं असेल तर मधला बाक, आणि त्यातही ज्या कानाला नीट ऐकू येतं तो कान जंगलाच्या बाजूला. कागदावर असा प्रश्नच नव्हता. गुडघे विचारले होते, जेवण विचारलं होतं. कुणाला काय ऐकू येतं हे कुणी विचारलं नव्हतं. सहल मात्र मार्चातली, म्हणजे जवळजवळ सगळी कानांच्या भरवशावरची.

थंडीत इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या काठावर उभं राहिलं की बदकं समोर उघड्या पाण्यावर असतात. दुर्बीण लावली, मोजली, वहीत लिहिली. मार्चमधल्या जंगलात तसं होत नाही. सागानं पानं टाकलेली असतात, फांद्या उघड्या असतात, त्या अर्थी डोळ्यांचं काम सोपं झालेलं असतं. तरी कुठल्या फांदीकडे बघायचं हे आधी आवाज सांगतो. नर हद्दीसाठी गात असतात, जोड्या एकमेकांना हाका देत असतात, पहाटेच्या थंड आणि वारा पडलेल्या हवेत त्या हाका लांबून येतात. मार्चच्या मध्यात तिकडे साधारण साडेसहाला उजाडतं, एप्रिलच्या मध्यात सहाला. उजाडण्याच्या आधीची वीस मिनिटं आणि नंतरचा तास-दीड तास, एवढ्यात दिवसभराच्या नोंदींपैकी निम्म्याहून जास्त नोंदी होऊन जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच न दिसलेल्या पक्ष्यांच्या असतात. दहा वाजता वारा उठतो, सुकलेली पानं फरफटायला लागतात आणि कान मिटतात.

वयानुसार ऐकणं कमी होतं ते सगळीकडून सारखं होत नाही. वरच्या पट्टीपासून सुरुवात होते. तरुण माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं असं पुस्तकात असतं. साठीनंतर बऱ्याच जणांचा पाच-सहा हजारांच्या वरचा भाग हळूहळू पुसट होत जातो. माणसांचं बोलणं बहुतेक त्याच्या खाली असल्यामुळे घरात काही कळत नाही. कळतं ते झाडाखाली. फुलटोच्याची 'टिक टिक', छोट्या निखाराची बारीक शीळ, पर्णवटवट्यांची पानामागची चिवचिव, शिंजिराच्या गाण्यातली वरची तुकडी, हे सगळं त्या पुसट भागातलं. माणूस बघतो की शिंजीर टोकाच्या काटकीवर बसलाय, चोच उघडतेय, गळा थरथरतोय, आणि आवाज नाही. ज्यानं तीस-चाळीस वर्षं तो आवाज ऐकलाय त्याला तो आठवतो, आणि आठवलेला आवाज समोरच्या चोचीला जोडून बघायचा मोह होतो. काका 'ऐकू येईनासा झालाय' म्हणाले, त्यात तक्रार कुठेच नव्हती. म्हणूनच बहुधा ते मनातून जात नाही.

पण खालची पट्टी शाबूत असते, आणि सातपुड्याचा मार्च खालच्या पट्टीत भरपूर बोलतो. भारद्वाजाचा 'हूप हूप' मडक्यात तोंड घालून काढल्यासारखा. तांबटाची टकटक, जी इंदुरात रेसिडेन्सीच्या झाडांवरही दुपारभर चालू असते. कुटुर्ग्याचं 'कुटुर्र कुटुर्र', होल्यांचं घुमणं, हरियालांची ती गळ्यातल्या गळ्यात फिरणारी शीळ. पावशा तर मार्चपासून असा चढत जातो की चांगला कान असलेला माणूसही रात्री कंटाळतो. संध्याकाळी देनवा नदीच्या काठी मत्स्य घुबडाचा खोल हुंकार येतो, तो कानापेक्षा छातीत आधी जाणवतो. म्हणजे सहलीचा अर्धा भाग काकांसाठी पूर्ण उघडा आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी रचना करावी लागेल. ती रचना जंगलात उभं राहून सुचत नाही, इंदुरात बसून करायची असते.

पहिली गोष्ट म्हणजे फेब्रुवारीत कुणाच्या तरी दिवाणखान्यात तासभर बसून सगळ्यांनी आवाज ऐकावेत. बाहेर नको, घरात. विणीच्या दिवसांत पक्ष्यांसमोर त्यांचेच आवाज वाजवणं वाईट, शहरातही वाईट. वीस-पंचवीस जातींच्या ध्वनिफिती लावायच्या आणि प्रत्येकानं कागदावर 'आला', 'पुसट', 'नाही' लिहायचं. इथे एक चूक हमखास होते. लोक फोन मधोमध ठेवून त्याच्या स्पीकरवर वाजवतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे आवाज धड निघतच नाहीत. भारद्वाज आणि शृंगी घुबड तर पार खरवडून गेलेले ऐकू येतात. मग ज्या माणसाला वरचं ऐकू येत नाही त्याला या फोनमुळे खालचंही ऐकू येत नाही, आणि तो समजतो की आपले कान संपले. ही परीक्षा बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवरच घ्यावी, पंखा बंद करून. आणि तरुणांनीही द्यावी. कानात सतत इअरफोन घालून फिरणाऱ्या पंचविशीतल्या कुणाच्या कागदावर दोन-तीन 'पुसट' निघाले तर तेही वेळेवर कळलेलं बरं.

ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी फेब्रुवारीतच तपासणाऱ्याकडे जाऊन यावं. यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. बारीक, एकसुरी शीळ आली की यंत्राला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते ती दाबून टाकतं. म्हणजे नेमका पक्षीच गाळला जातो. बऱ्याच यंत्रांमध्ये संगीतासाठी वेगळी जुळणी ठेवता येते, त्यात ही दाबादाबी कमी असते. तीच जंगलात वापरायची. चालत्या जिप्सीत वाऱ्याचा घोंघाट यंत्रात शिरतो, तेव्हा आवाज कमी करून ठेवायचा आणि गाडी थांबली की वाढवायचा. जादा बॅटऱ्या, होडीसाठी एक छोटी घट्ट बंद होणारी पिशवी, आणि धूळ पुसायला मऊ फडकं. एवढं सामान खिशात मावतं आणि विसरलं तर तीन दिवस वाया जातात. यंत्र नसलेल्यांसाठी जुना उपाय आहेच: दोन्ही तळवे कानामागे वाटीसारखे धरायचे. समोरून येणारे वरचे आवाज त्यानं खरोखर उचलून येतात, आणि डोकं हळूहळू फिरवलं तर दिशाही लागते.

तारखेवरून वाद होणारच होता, झालाही. इंदूरच्या माणसाला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून कुठे जायला सांगणं कठीण. मुलांच्या परीक्षा असतात, पाडव्याला घरी गुढी हवी. मग सोपा मार्ग म्हणून सण बघून तारीख काढली जाते, आणि इथेच फसगत होते, कारण सण सरकतात आणि झाडं फारशी सरकत नाहीत. गुढीपाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला येतो, २०२७ मध्ये ७ एप्रिलला. मध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेलेला असतो. 'पाडव्याच्या आधीचा आठवडा' असं ठरवलं तर एका वर्षी काटेसावर फुललेली मिळेल आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी बोंडं लटकत असतील. काटेसावर आणि पळस फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चभर, मोह मार्चच्या मध्यापासून एप्रिलमध्ये. हिवाळी पाहुणे त्याच वेळी निघायच्या बेतात असतात: पट्टकदंब हंस मार्चमध्ये पाणी सोडतात, पर्णवटवटे एप्रिलपर्यंत रेंगाळतात. उशिरा गेलं तर दूधराज घरट्यासाठी जागा धुंडाळताना दिसायची शक्यता वाढते, पण ऊनही वाढतं आणि हंस गेलेले असतात. नवरंग तर मान्सून दारात आल्याशिवाय नीट बोलतच नाही, त्याच्यासाठी मार्चची सहल कुणी आखू नये. सगळा हिशोब करून मला मार्चचा मधला आठवडा पटतो. २०२६ मध्ये तो पाडव्याच्या अलीकडे पडतो, म्हणजे अंधाऱ्या रात्री. २०२७ मध्ये २२ मार्चच्या होळीच्या अलीकडे, म्हणजे चांदण्या. या फरकालाही अर्थ आहे. चांदण्यात रातवे जास्त बोलतात. फरशीवर गोटी टाकावी आणि ती उड्या मारत मारत थांबत जावी, तसा त्यांचा आवाज, आणि तो काकांना ऐकू येण्यासारखा. होळीच्या दिवशी उद्यान बंद असतं का, त्या वर्षीच्या वेळा काय, हे आरक्षण करतानाच बघून घ्यावं. बुधवारी दुपारची फेरी नसते, हे तर मध्य प्रदेशातल्या व्याघ्रप्रकल्पांत जाणाऱ्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. बुधवार हा प्रवासाचा दिवस ठेवला की काही वाया जात नाही.

जंगल सातपुड्याचंच का, याचं उत्तरही कानाशीच येतं. गाभा आणि परिघ धरून २,१०० चौरस किलोमीटरहून मोठा हा व्याघ्रप्रकल्प. त्यातलं बोरी हे १८६५ मध्ये राखीव झालेलं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या राखीव जंगलांपैकी. पण जुनेपण आणि विस्तार दुय्यम. इथे ठरवून दिलेल्या वाटांवर मार्गदर्शकाबरोबर पायी फिरता येतं आणि देनवेच्या पाण्यात वल्ह्याच्या होडीतून जाता येतं. व्याघ्रप्रकल्पात इंजिनाशिवाय फिरायला मिळणं दुर्मीळ आहे. ज्यांना सगळं ऐकू येतं त्यांना जिप्सी चालते. घरघरीच्या फटींमधून ते वेचून घेतात. ज्यांचं थोडं गेलंय त्यांच्या वाट्याला त्या फटींमध्ये काहीच येत नाही. म्हणून तीन रात्रींपैकी दोन मढईला, म्हणजे देनवेच्या काठच्या प्रवेशद्वाराशी, ठेवाव्यात आणि एकूण फेऱ्यांतली जिप्सीची फक्त एक. त्या एका फेरीतही चालकाला आधीच सांगून ठेवायचं की थांबलं की इंजिन बंद, आणि बंद केल्यावर निदान दोन-तीन मिनिटं कुणी हलायचं नाही. गाडी थांबल्याबरोबर जंगल गप्प होतं. पक्षी पुन्हा बोलायला लागेपर्यंत बहुतेक गाड्या निघून गेलेल्या असतात.

इंदुराहून कन्नौद, खातेगाव, नेमावर करत नर्मदा ओलांडायची, हरदा, इटारसी, सोहागपूर. दिवसाचा प्रवास समजावा; दुपारच्या फेरीला पोचू, असं आखू नये. रेल्वेनं यायचं तर पिपरिया हे स्टेशन पचमढीला सोयीचं, सोहागपूर मढईला. आरक्षणात जे ओळखपत्र दिलं तेच मूळ सोबत हवं. यावरून प्रवेशद्वाराशी अडकलेली कुटुंबं दर मोसमात दिसतात. मढईच्या बाजूनं आत जायला देनवा होडीनं ओलांडावी लागते. तवा धरणामुळे फुगलेलं हे पाणी. वसंतात ते उतरत जातं तसा होडीचा धक्का सरकतो आणि मध्ये चिखलाचा पट्टा पडतो. गुडघेवाल्यांसाठी दहा मिनिटं जास्त धरावीत आणि पकड असलेले बूट.

आता पायी वाटेचं. मार्चमधलं सागाचं पान हे पापडासारखं असतं. ताटाएवढं, वाळून कडक झालेलं, आणि एका पावलाखाली दोन-तीन येतात. बारा जण चालायला लागले की त्या कुरकुरीपुढे सुभगाची शीळ टिकत नाही, कुणाचेही कान कितीही तीक्ष्ण असोत. म्हणून चालत चालत ऐकायचं नाही. वीस-पंचवीस पावलं, मग तीन मिनिटं स्तब्ध. स्तब्ध म्हणजे पायाखालचं पान आधी दाबून घेऊन मगच वजन टाकायचं, नाहीतर उभ्या उभ्याच कुरकुर चालू राहते. सहा-सहाचे दोन गट करावेत आणि त्यांच्यात निदान दहा मिनिटांचं अंतर. आवाज करणाऱ्या बाकीच्या वस्तू घरीच तपासाव्यात: सळसळणारं जाकीट, बॅगेचे चरचरणारे पट्टे, किल्ल्यांचा जुडगा, अर्धी भरलेली पाण्याची बाटली. बाटली काठोकाठ भरली की डुचमळत नाही. निम्मी झाली की दोघांचं पाणी एका बाटलीत. आणि खाऊ. इंदूरच्या टोळीत सेवेची पाकिटं असणार हे गृहीत धरून आदल्या दिवशीच ती सुती पिशव्यांमध्ये ओतून ठेवावीत. प्लॅस्टिकचं पाकीट फोडण्याचा आवाज जंगलात फार लांब जातो, स्टीलच्या डब्याचं झाकण त्याहून लांब. कपडे मळकट रंगाचे, पहाटेला स्वेटर आणि आत सुती सदरा. पँट मोज्यात खोचलेली, कारण गवतात गोचीड असतात. अत्तर नको, आग्या मोहोळाची झाडं वाटेवर असतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा काळ, तेव्हा काडीपेटी कुणाच्याच खिशात नको.

जोड्या लावणं हा या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कागदावरच्या 'आला' आणि 'नाही' वरून त्या आपोआप दिसतात. सातवीतल्या ज्या मुलीला फुलटोच्या, निखार, शिंजीर सगळं ऐकू येतं पण त्यातलं कुठलं काय हे कळत नाही, तिला अशा माणसाशेजारी उभं करावं ज्याला ऐकू येत नाही पण माहीत आहे. ती म्हणेल, 'वरती काहीतरी टिक टिक करतंय'. तो विचारेल, एकसारखं की थांबून थांबून? फांदीवर बांडगूळ आहे का? बांडगुळाचा गुच्छ असला तर फुलटोच्या बघायचा, तिथेच तो फळं खायला येतो. बोलणं कुजबुजीत नको, कुजबुज ही वरच्या पट्टीतलीच असल्यामुळे ज्याला सांगायचं त्यालाच कळत नाही. खालच्या आवाजात, तोंड त्याच्याकडे करून, थोडक्यात. दिशेसाठी झाड म्हणजे घड्याळ धरायचं: शेंडा बारा, उजवी बाजू तीन. ऐकणाऱ्यानं दुसऱ्याच्या तळहातावर बोटानं ठेका धरला की पक्षी कसा बोलतोय हेही पोचतं. तांबटाचा ठेका वेगळा, फुलटोच्याचा वेगळा.

जिथे फोन वापरू देतात तिथे फोनमधल्या मर्लिनचा, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचा, खरा उपयोग होतो. भारताची माहिती घरीच उतरवून घेतली की नेटवर्कशिवाय चालतं. नाव सांगण्यापेक्षा त्यातला पडद्यावर सरकणारा आवाजाचा आलेख मोलाचा आहे. शिंजीर गायला की आलेखाच्या वरच्या भागात बारीक रेघांची नक्षी उमटते, आणि ज्याला तो ऐकू येत नाही त्याला तो गातोय हे दिसतं. नावावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. या जंगलात भृंगराज आहे आणि तो शिक्र्याची हाक हुबेहूब काढतो. फोन शिक्रा म्हणतो आणि माणसं आभाळ शोधत बसतात. फोननं सांगितलेलं, पण डोळ्यांनी किंवा जाणत्या कानानं न पडताळलेलं नाव यादीत जाऊ नये. आणि त्याच फोनवरून आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून, खाणं सोडून त्या नसलेल्या शत्रूला हाकलायला धावत येतो. आपल्याला एक फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते.

पायी वाटेवर भीती असते ती वाघापेक्षा अस्वलाची. मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे ती वेचायला गावातली माणसं येतात आणि अस्वलंही येतात. अस्वल खाण्यात गुंग असतं, माणूस अचानक जवळ आला की दचकून अंगावर येतं. ज्याला पाचोळ्यातली खसफस ऐकू येत नाही त्यानं रांगेत पहिलं किंवा शेवटचं कधीच नसावं, मध्ये असावं, पुढे मार्गदर्शक आणि मागे चांगल्या कानाचं कुणी. हे त्या माणसाला स्पष्ट, बाजूला घेऊन सांगावं. गोड बोलून टाळलं की तो फोटोसाठी मागे रेंगाळतोच. मोहाच्या झाडांखाली सकाळी घोळका करून उभंही राहू नये. ती माणसं वर्षाची बेगमी गोळा करत असतात.

त्यापेक्षा साडेआठ-नऊनंतर एक फुललेली काटेसावर धरावी. झाडाच्या पूर्वेला, वीस-तीस मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन बसायचं. पानं नाहीत, लाल मांसल फुलं मुठीएवढी, आणि त्यांच्यातल्या मधावर सगळी वर्दळ: मैना, पांढऱ्या पोटाचा कोतवाल, हळद्या, टकाचोर, हरेवा, चष्मेवाल्यांचे थवे, आणि शिंजीर. इथे ऐकू येण्याची गरजच उरत नाही. तासभर बसलं तर पंधरा-वीस जाती समोर येऊन जातात. आठ गुणिले बत्तीसची दुर्बीण वयस्कांसाठी पुरते. तिच्यातून डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा ठिपका चार मिलिमीटरचा, आणि उतारवयात बाहुली त्याहून फार मोठी होतही नाही. बेचाळीसचं ओझं कशाला गळ्यात घ्यायचं. चष्मा असेल तर मात्र चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का, हे दुकानातच बघून घ्यावं.

दुपार उतरल्यावर होडी. वल्ही लाकडावर घासणार नाहीत एवढं नावाड्याला सांगितलं की पाण्यावर विलक्षण शांतता मिळते, आणि पाण्यावरून आवाज सरपटत येतात. फक्त उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर उतरायचं नाही. नदी सुरय आणि कंठेरी चिखले मार्च-एप्रिलमध्ये तिथे उघड्या वाळूवरच अंडी घालतात; अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पक्षी उठून दूर जाऊन बसले तरी कडक उन्हात दहा मिनिटांत अंडी तापतात. सुरय डोक्यावर येऊन ओरडायला लागले तर आपण फार जवळ आलोय, होडी वळवायची.

तिसरी रात्र पचमढीला. साधारण हजार मीटर उंची, वसंत थोडा मागे. इथे साग मागे पडतो आणि सालाची झाडं लागतात, ती मार्चमध्ये नव्या पालवीत असतात, म्हणजे पुन्हा पानांआडचे पक्षी. मलबारी शीळकरी कस्तुराची आशा घेऊन लोक जातात. तो पावसाच्या सुमाराला खुलतो, मार्चमध्ये झऱ्याकाठी ओझरता दिसला तरी पुष्कळ.

गच्चीवरचा तो कागद आता दुसऱ्यांदा लिहून झालाय. ओळखपत्र आणि गुडघे यांच्यामध्ये एक रुंद रकाना घातला, वर लिहिलं: 'काय ऐकू येतं, कोणत्या कानानं'. पहिल्यांदा तो काकांकडेच न देता मुद्दाम एकविशीतल्या मुलाकडे दिला. त्यानं 'सगळं' लिहिलं, मग खोडलं आणि 'बघावं लागेल' असं केलं. मावशींनी बराच वेळ घेतला; त्यांच्या डाव्या कानात सतत वाजतं, हे त्या गच्चीवर कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी बारीक अक्षरांत रकाना ओलांडून शेजारच्या जागेतही लिहिलं. भारद्वाज, पावशा, कुटुर्गा, होला, हरियाल, तांबट, दोन्ही कानांनी. दयाळ, उजव्या कानानं. निखार नाही, फुलटोच्या नाही. शिंजिरासमोर त्यांनी 'नाही' लिहिलं नाही. लिहिलं, 'दिसतो'. होड्यांची वाटणी करताना दुसऱ्या होडीत त्यांच्या नावाखाली सातवीतल्या त्या मुलीचं नाव घातलंय, तिच्या उजवीकडे ते बसतील असं.